परतीची होडी

प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना आपण स्थळांचा विचार पुष्कळ करतो, प्रवाशाच्या दृष्टीचा करतो, अलीकडे तर सत्ता आणि वसाहतवाद यांच्या अंगानेही करतो. पण स्थळ आणि वाहन यांच्यामध्ये उरणाऱ्या अंतराकडे आपले लक्ष फारसे जात नाही. रेल्वेच्या प्रवासात हे अंतर फलाटाएवढे असते. समुद्रप्रवासात मात्र ते कधी कधी मैलभर पसरलेले पाणी असते आणि ते पाणी ओलांडल्याशिवाय गाव सुरू होत नाही.

ज्या बंदरात पाणी उथळ असते, खडक असतात, धक्का नसतो किंवा असूनही पुरेसा मोठा नसतो, तिथे जहाज दूर उभे राहते आणि प्रवासी लहान बोटीने किनाऱ्यावर जातात. या बोटीला नाविकांच्या भाषेत ‘टेंडर’ म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाने सरकारी निविदा आठवेल. पण इथे त्याचा अर्थ मोठ्या जहाजाच्या सेवेत हजर असणारी नौका असा आहे. पर्यटनासाठी निघालेल्या आजच्या मोठ्या जहाजांना अनेक बंदरांत अशा बोटींवाचून गत्यंतर नसते. जहाजकंपनीने आखलेली सहल नाकारून स्वतःच्या हिमतीवर गाव पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाला तर सगळा बेत या बोटीभोवतीच रचावा लागतो. पहिली बोट केव्हा मिळेल आणि शेवटची केव्हा सुटेल, हे दोन प्रश्न आधी. काय पाहायचे, हा त्यानंतरचा.

हा प्रश्न केवळ आजच्या सुट्टीच्या नियोजनाचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण एकोणिसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या प्रवासग्रंथांची जडणघडण याच पट्ट्यात झालेली दिसते. ‘स्वतंत्र प्रवासी’ नावाची जी प्रतिमा त्या ग्रंथांनी आपल्याला दिली, ती कितपत खरी आहे, हेही या होडीच्या इतिहासावरून तपासता येते.

*

उदाहरण म्हणून याफा घेऊ. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचे हे प्राचीन बंदर. जेरुसलेमला समुद्रमार्गाने जाणाऱ्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे दार. पण हे दार अवघड होते. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खडकांची रांग आणि त्या रांगेत होड्यांना जाता येईल एवढी फट. ग्रीक पुराणकथेतल्या अँड्रोमेडाला समुद्रराक्षसासाठी बांधून ठेवले होते ते हेच खडक, असे परंपरा सांगते. आगबोटी या खडकांच्या बाहेर, उघड्या समुद्रात उभ्या राहत. तिथून प्रवाशाला स्थानिक अरब नावाड्यांच्या होडीत उतरवले जाई आणि लाटेचा अंदाज घेत नावाडी ती होडी फटीतून आत नेत. समुद्र खवळलेला असला तर उतरणेच रद्द होई. जेरुसलेमसाठी निघालेला यात्रेकरू याफा डोळ्यांसमोर असूनही बैरुतला किंवा पोर्ट सैदला जाऊन पोचे.

विल्यम मेकपीस थॅकरे १८४४ मध्ये पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांतून भूमध्य समुद्रात फिरला आणि याफाला उतरून घोड्यावरून जेरुसलेमला गेला. त्याचे तिकीट कंपनीने फुकट दिले होते. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८४६ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या आरंभीच त्याने एक मार्मिक तुलना केली आहे. ओडिसियसला जेवढी माणसे आणि नगरे पाहायला दहा वर्षे लागली, तेवढी आगबोटीने दोन महिन्यांत पाहता येतात, असा तिचा आशय. ही तुलना विनोदाने केलेली असली तरी तिच्यात एक मोठा बदल नोंदला गेला आहे. ओडिसियसच्या कथेत परतणे हे अनिश्चित असते आणि म्हणूनच ती कथा होते. थॅकरेच्या प्रवासात परतणे वेळापत्रकात छापलेले आहे. अनिश्चित राहिला आहे तो फक्त जहाज आणि गाव यांच्यामधला तेवढा पट्टा. महाकाव्यातला समुद्र आक्रसून होडीच्या एका फेरीएवढा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

*

जून १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. प्रवाशांनी माणशी १,२५० डॉलर भरलेले होते आणि युरोप, तुर्कस्तान, पवित्र भूमी, इजिप्त असा पाच महिन्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. आधुनिक पर्यटन-जहाजांच्या पूर्वजांत तिची गणना करता येईल. मार्क ट्वेन त्या बोटीवर वार्ताहर म्हणून होता. या प्रवासातून १८६९ मध्ये ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक आले. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्याची अनेक संस्मरणीय पाने ठरलेला कार्यक्रम सोडून गेलेल्या प्रवासांतून आलेली आहेत. बैरुतला ट्वेनसह आठ जणांनी जहाज सोडले, दुभाष्या आणि घोडी ठरवली, आणि बालबेक, दमास्कस, गॅलिली, जेरुसलेम असा दीर्घ खुष्कीचा प्रवास करून ते याफाला पुन्हा जहाजावर चढले. या प्रवासातल्या घाईवर, सोबत्यांच्या धार्मिक हट्टांवर आणि थकलेल्या घोड्यांवर ट्वेनने भरपूर लिहिले आहे. त्या घाईमागे अनेक कारणे होती. पण याफाला जहाज येणार आणि तोवर पोचलेच पाहिजे, हे त्यांतले एक अटळ कारण होते.

अथेन्सचा प्रसंग याहून बोलका आहे. पिरेयस बंदरात ‘क्वेकर सिटी’ नांगरून उभी राहिली तेव्हा अधिकाऱ्यांनी होडीतून येऊन सांगितले की अकरा दिवस विलग राहा, नाहीतर निघून जा. कप्तानाने रसद घेऊन निघून जाण्याचे ठरवले. अक्रोपोलिस दुरून दिसत होते, पण किनाऱ्यावर पाऊल ठेवायला बंदी होती आणि पकडले गेल्यास तुरुंगाची भीती होती. रात्री अकराच्या सुमारास, चंद्र ढगाआड गेला असताना, ट्वेन आणि तीन सोबती एका लहान होडीतून गुपचूप किनाऱ्यावर उतरले. आठ-दहा किलोमीटर चालून ते अक्रोपोलिसपाशी पोचले, पहारेकऱ्यांकडून दार उघडून घेतले, चांदण्यातले पार्थेनॉन पाहिले आणि वाटेत द्राक्षमळ्यांतून द्राक्षे चोरत, रखवालदारांना चुकवत उजाडण्यापूर्वी परतले.

जगातल्या थोर वास्तूंपुढे सहसा थट्टा करणारा ट्वेन इथे मात्र थट्टा विसरून लिहितो, हे अभ्यासकांना नवे नाही. त्याचे श्रेय चांदण्याला दिले जाते. मला वाटते, त्यात होडीचाही वाटा आहे. किनाऱ्यावर काढलेले ते तास मुदतीचे होते. पहाटेपूर्वी होडी गाठायची, हे पार्थेनॉनपुढे उभे असतानाही त्याला विसरता येत नव्हते. पाहण्याला मुदत असली की पाहणे उथळ होते, असा आपला एक समज आहे आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण कधी कधी मुदतीमुळेच पाहणे तीव्र होते, याचा हा पुरावा आहे.

याफाला ‘क्वेकर सिटी’ने आणखी काही प्रवासी घेतले. १८६६ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातून याफाला वसाहत करायला आलेली काही धर्मभोळी कुटुंबे तिथे उपासमारीने आणि रोगराईने हवालदिल झाली होती. त्यांच्यापैकी चाळीसेक जणांना ट्वेनच्या जहाजाने इजिप्तपर्यंत नेले. जे खडक ओलांडून पर्यटक पाहायला जात, तेच ओलांडून ही माणसे राहायला गेली होती आणि तेच ओलांडून पराभूत होऊन परतत होती. पर्यटकाला परतीच्या होडीची काळजी असते. पण त्याची परत जाण्याची सोय झालेली असते. या माणसांची झालेली नव्हती.

*

थॉमस कुकने आपल्या प्रवाशांची पहिली तुकडी इजिप्त आणि पॅलेस्टाइनला १८६९ मध्ये नेली. कुकचे ऐतिहासिक कार्य कोणते, याचे उत्तर बहुधा ‘स्वस्त सहली’ असे दिले जाते. याफापुरते बोलायचे तर त्याचे खरे कार्य म्हणजे मधले पाणी ताब्यात घेणे. त्याआधी आगबोट नांगर टाकत असतानाच नावाड्यांची गर्दी शिडीपाशी होई आणि दर, सामान, बक्षीस यांवरून प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे हुज्जत घालावी लागे. पुढे कुकच्या कंपनीने याफात आपले प्रतिनिधी आणि आपले नावाडी ठेवले. प्रवाशाने फक्त कंपनीचा माणूस शोधायचा. पुढचे सारे आधी भरलेल्या पैशांत आलेले असे.

ज्यांना कुक नको होता त्यांच्यासाठी मार्गदर्शक-पुस्तके होती. बेडेकर हे नाव ऐकून आपल्याला लोणची-मसाले आठवले तरी इथे अभिप्रेत आहेत ते जर्मनीतले प्रकाशक. त्यांचे पॅलेस्टाइन आणि सीरियावरचे पुस्तक १८७५ मध्ये जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत आले. या पुस्तकांत देवळे आणि अवशेष यांच्याइतक्याच गांभीर्याने होडीचे दर, हमालांची वागणूक आणि उतरण्याच्या सोयी यांची माहिती दिलेली असे. स्वतंत्र प्रवासी म्हणवणाऱ्याचे स्वातंत्र्य हे असे होते: कुकच्या माणसावर विसंबायचे नाही, पण छापील दरावर विसंबायचे, आणि दोन्ही बाबतींत वल्हे नावाड्याच्याच हाती.

जानेवारी १८९१ मध्ये हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे सोडले. अटलांटिकवरची वाहतूक हिवाळ्यात रोडावे आणि मोठी जहाजे रिकामी पडत. त्यावर बालिन यांनी शोधलेला हा उपाय होता. २४१ प्रवासी, जवळजवळ दोन महिने, आणि वाटेतल्या बंदरांतून आखलेल्या सहली. इथे जहाज हेच हॉटेल झाले आणि किनारा ही दिवसाची फेरी झाली. थॅकरे डाकेच्या आगबोटींच्या व्यवस्थेत फिरला. बालिन यांच्या प्रवाशांसाठी जहाजाचा सारा कार्यक्रम त्यांच्या पाहण्याभोवती आखलेला होता. पण या सोयीची एक किंमत होती. किनाऱ्यावरचा वेळ आता गावाच्या घड्याळाने न मोजता जहाजाच्या घड्याळाने मोजला जाऊ लागला. टेंडरच्या बंदरांतल्या आजच्या प्रत्येक प्रवाशाला हा नियम लागू आहे.

ट्वेनच्या चरित्रात या नियमाचे दुसरे टोकही सापडते. १८९५ मध्ये कर्जफेडीसाठी तो व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. याच प्रवासात तो जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला आला. पण त्याआधी त्याचे जहाज होनोलुलुला थांबले होते. तरुणपणी, १८६६ मध्ये, त्याने या बेटांवर काही महिने काढले होते आणि ती पुन्हा पाहण्याची ओढ त्याला एकोणतीस वर्षे होती. होनोलुलुत पटकीची साथ होती. तिथे राहणाऱ्यांना उतरवले गेले. पण उतरून परत जहाजावर येण्याची परवानगी कोणालाच नव्हती. ट्वेन जहाजावरून बेटाकडे पाहत राहिला. अथेन्सला चोरून होडीत बसणारा माणूस आता साठीला आला होता, कर्जबाजारी होता, व्याख्यानांच्या तारखांनी बांधलेला होता. बंदी उतरण्याला नव्हती; परतण्याला होती, आणि तेवढी पुरेशी होती. स्वतंत्रपणे किनाऱ्यावर जाण्याचे मर्म परतीच्या हमीत असते, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा प्रसंग प्रवाससाहित्यात विरळा.

*

कोकणातल्या वाचकाला मधल्या पाण्याचे हे वर्णन परके वाटणार नाही. मुंबईहून निघणारी आगबोट जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांबाहेर उभी राहायची आणि माणसे, वळकट्या, ट्रंका, मुले पडावात उतरवली जायची. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की हा मार्गच बंद. पण इथला पडाव आणि पर्यटकाची टेंडर यांच्यात दिशेचा फरक आहे. चाकरमान्याचा पडाव घराकडे जात असे. तो किनाऱ्याला लागला की प्रवास संपे. पर्यटकाची होडी किनाऱ्याला लागते तेव्हा त्याची मुदत सुरू होते. म्हणूनच आपल्याकडे आगबोटीच्या आठवणींत पडावातली भीती आणि आनंद आहे, घड्याळ मात्र फारसे नाही.

याफाचे नावाडी या कथेत मागे राहिले, त्यांच्याकडे वळू. १८९२ मध्ये याफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाली तेव्हा खडकांबाहेरचे उतरणे तसेच राहिले. नावाड्यांचे काम वाढलेच. १९३३ मध्ये हैफाला खोल पाण्याचे आधुनिक बंदर झाले आणि याफाचे महत्त्व घटू लागले. १९३६ च्या अरब सार्वत्रिक संपात याफाचे बंदर बंद पडले, तेव्हा शेजारच्या तेल अवीवमध्ये ज्यूंनी स्वतंत्र धक्का उभारला. १९४८ च्या युद्धात याफाच्या अरब वस्तीतले बहुसंख्य लोक विस्थापित झाले. पुढे १९६५ मध्ये अश्दोदचे बंदर सुरू होताच याफातली मालवाहतूक थांबली. थॅकरेपासून कुकच्या प्रवाशांपर्यंत असंख्यांना ज्यांनी खडकांच्या फटीतून नेले, त्या नावाड्यांबद्दल प्रवासग्रंथांत आढळते ते मुख्यतः त्यांच्या गोंगाटाचे आणि लोभाचे वर्णन. हात धरून होडीत उतरवून घेणाऱ्याचे नाव विचारण्याची गरज बहुतेक लेखकांना वाटली नाही. मुदतीच्या पाहण्यातून जे निसटते त्याचे हे सर्वांत मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

*

मधल्या पाण्याचा प्रश्न आज सर्वाधिक ठळक दिसतो तो ग्रीसच्या सँतोरिनी बेटावर. ज्वालामुखीच्या उद्रेकाने खचलेल्या प्रचंड विवरात समुद्र शिरलेला आहे. पाणी इतके खोल की मोठ्या जहाजांना नेहमीसारखा नांगर टाकता येत नाही. प्रवाशांना होड्यांतून नेले जाते आणि हे काम तिथल्या नावाड्यांच्या संघटनेने आपल्या हाती राखले आहे. स्वतंत्रपणे जाणारा प्रवासी फिरा गावाच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात उतरतो. वर कड्यावरच्या गावात जायला तीन वाटा: पाचशेहून अधिक पायऱ्या, खेचरे, किंवा रज्जुमार्ग. रज्जुमार्ग १९७९ मध्ये एका जहाजमालक कुटुंबाच्या देणगीतून उभा राहिला. त्यामुळे खेचरवाल्यांची रोजी बुडेल हे ओळखून त्याच्या उत्पन्नातला वाटा त्यांना देण्याची व्यवस्था केली गेली. याफाला जे घडले नाही ते इथे घडले: वाट बदलली, पण वाटाड्याला वाऱ्यावर सोडले नाही.

इथे बेत आखणाऱ्याला गणित उलट्या टोकाकडून सोडवावे लागते. जहाज सुटण्याआधी शेवटची होडी. तिच्याआधी रज्जुमार्गासमोरची रांग, कारण एका फेरीत जेमतेम तीन डझन माणसे मावतात आणि संध्याकाळी सर्व जहाजांचे प्रवासी एकाच वेळी खाली येऊ पाहतात. तिच्याआधी इया गावाहून किंवा अक्रोतिरीच्या उत्खननावरून फिराला आणणारी बस. सकाळीही कंपनीच्या सहलींचे प्रवासी बहुधा आधी सोडले जातात. स्वतंत्र प्रवाशाला क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबावे लागते. वारा वाढला तर उतरणे रद्द. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. एकट्याला उशीर झाला तर थांबत नाही, आणि पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे असते. ज्याचे गुडघे दुखतात, जो चाकाच्या खुर्चीत आहे, त्याला हलत्या होडीत पाऊल टाकणे जमेलच असे नाही. त्याच्यासाठी होनोलुलु प्रत्येक बंदरात असते.

मग हा खटाटोप कशासाठी? याचे एक उत्तर ट्वेनच्या अथेन्समध्ये आहे: स्वतः निवडलेले पाहणे आठवणीत राहते. दुसरे उत्तर किनाऱ्याच्या बाजूचे आहे. सहलीचे पैसे जहाजावर भरले जातात; स्वतंत्र प्रवाशाचे पैसे बसवाल्याच्या, खानावळीच्या, दुकानदाराच्या हातात पडतात. पण हे उत्तरही पुरते निरपराध नाही. सुमारे पंधरा हजार वस्तीच्या या बेटावर एकाच दिवशी अनेक जहाजे येऊ लागली, तेव्हा २०२५ पासून दिवसाला ८,००० जहाजप्रवाशांची मर्यादा घालावी लागली. त्याच वर्षी ग्रीक सरकारने जहाजप्रवाशांवर कर बसवला. ऐन हंगामात सँतोरिनीसाठी तो माणशी २० युरो आहे. सहलीतला असो वा स्वतंत्र, गावाच्या लेखी प्रत्येक उतरणारा हा आठ हजारांपैकी एक असतो.

अक्रोतिरी हे याच बेटावरचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गेलेले नगर. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केले. तिथल्या एका घराच्या भिंतीवर जहाजांच्या ताफ्याचे लांबच लांब चित्र सापडले. ते आता अथेन्सच्या संग्रहालयात आहे. एका दिवसाच्या मुदतीत अक्रोतिरी गाठणाऱ्याला ते तिथे दिसत नाही. चित्रात सजवलेली जहाजे आहेत, आणि किनाऱ्यावर, घरांच्या गच्च्यांवर माणसे उभी आहेत. ती जहाजांकडे पाहत आहेत. प्रवासवर्णनांच्या आपल्या वाचनात ही बाजू सहसा येत नाही, कारण लिहिणारा नेहमी होडीतून येतो आणि होडीतूनच जातो. शेवटची होडी सुटल्यावर गावात काय उरते, हे लिहायला तो तिथे नसतो.